मण्यारणीचं प्रकरण: गावानं विसरलेली एक बाई कादंबरीत कशी आली

पार्श्वभूमी

गाव धाराशिव जिल्ह्यातलं, जुन्या सोलापूर हद्दीपासून फार लांब नाही. गाव, लेखक आणि ज्यांच्याशी बोललो ती कुटुंबं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. घडलेल्याचा क्रम मात्र आहे तसाच ठेवला आहे. लेखक जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. इथं त्यांना नुसतं सर म्हणतो. तालुक्याच्या ग्रंथालयात आमचा एक वाचनगट आहे. सरांच्या कादंबरीचे खर्डे याच गटात वाचले गेले आणि संपादनाचं काम माझ्याकडे आलं.

15 ऑगस्ट 1947 ला देश स्वतंत्र झाला, पण मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानातच राहिला. पुढचे तेरा महिने आमच्या भागात रझाकारीचे म्हणून ओळखले जातात. लातूरला वकिली करणाऱ्या कासीम रझवीच्या रझाकारांनी गावं लुटली, माणसं मारली. लेव्हीची, म्हणजे सरकारला सक्तीनं द्यायची, ज्वारी घरातून ओढून नेली जायची. करोडगिरी (जकात) नाका चुकवून रातोरात हद्दीपलीकडं बार्शीकडं, सोलापूरकडं निघून गेलेली घरं प्रत्येक गावात होती. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय सैन्य सोलापूरच्या बाजूनं आत आलं, त्याच दिवशी नळदुर्ग हाती आलं आणि 17 तारखेला निजामानं शरणागती पत्करली. एवढा भाग आमच्याकडच्या शाळकरी पोरालाही तोंडपाठ असतो. दर 17 सप्टेंबरला झेंडावंदन होतं आणि भाषणं तिथंच थांबतात.

त्यानंतरच्या आठवड्यांबद्दल भाषणात कुणी काही बोलत नाही. मुस्लिम वस्त्यांवर हल्ले झाल्याच्या तक्रारी दिल्लीपर्यंत गेल्या, तेव्हा भारत सरकारनं पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी यांना पाहणीसाठी पाठवलं. 1948 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ते संस्थानात फिरले. पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे या सैनिकी कारवाईच्या, काळात आणि त्यानंतर कमीत कमी 27,000 ते 40,000 माणसं मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे म्हणून त्यांनी उस्मानाबाद (आजचं धाराशिव), गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांची नावं दिली. रझाकारांचे अत्याचारही त्यांनी झाकले नाहीत. हा अहवाल कित्येक दशकं लोकांपुढं आलाच नाही.

सरांच्या गावात शाळेच्या आवारात हुतात्म्याच्या नावाचा दगड आहे. रझाकारांनी मारलेला तो तरुण सरांचा चुलता. दर वर्षी त्या दगडाला हार घालतात, आणि घालायलाच हवा. गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडं, तेव्हा मुसलमानांची आठ-दहा घरं होती: एक मुलाणी, एक पिंजारी, दोन तांबोळी, एक मण्यार, बाकीची शेतावर राबणारी. आज तिथं गोठे आणि कडब्याच्या गंजी आहेत.

अडचण कुठून सुरू झाली

2018 च्या सुमारास सरांनी चुलत्यावर लिहायला घेतलं. माहिती देणारी होती त्यांची आत्या, हुतात्म्याची धाकटी बहीण. घटना घडली तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची होती. सर भावाबद्दल विचारायचे आणि आत्या दर वेळी खालच्या आळीतल्या मण्यारणीवर, बांगड्या भरणाऱ्या बाईवर, येऊन थांबायची. सुरुवातीला सरांना वाटलं, वयामुळं बोलणं भरकटतंय. दोन-तीनदा तसंच झाल्यावर त्यांनी प्रश्न विचारायचं सोडलं आणि ऐकत बसले.

आत्याला आठवत होतं ते असं. मण्यारीण दर सणाच्या आधी डोक्यावर टोपली घेऊन यायची. अंगणात पोत्यावर बसायची, लेकीबाळींचा हात पाण्यात बुडवून अंगठ्याच्या बुडाशी असा दाबायची की हाताचा गोळा व्हायचा आणि काच सरकन मनगटावर जायची. "हात ढिला सोड गं माय, ताणू नगं," एवढंच तिचं बोलणं. पैसे कुणी हातावर द्यायचं नाही. सुगीला ज्वारी मिळायची.

चुलत्याचं लग्न झालं तेव्हा नवरीचा चुडा तिनंच भरला होता. वर्षभरात त्याचं प्रेत घरी आलं. बायका नवरीच्या बांगड्या फोडायला जमल्या आणि त्याच वेळी मण्यारीण आली. टोपली आणली नव्हती. उंबरा न ओलांडता ती ओट्याच्या कडेला बसली आणि म्हणाली, "फोडू नगा, काच रुतल. मी उतरविते." तांब्याभर पाणी मागून घेतलं आणि सगळ्या बांगड्या एकेक करून, एकही न फुटता काढल्या. ज्यांनी त्या घरचा पोरगा मारला त्यांच्या धर्माची ती होती. अंगणातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं, तिलाही.

त्यानंतर काही महिन्यांनी ॲक्शन झाली. चार-आठ दिवसांनी खालच्या आळीत काय झालं ते आत्यानं पाहिलं नाही. तिला एवढंच आठवतं की आईनं तिला त्या अंगाच्या विहिरीवर जायचं बंद केलं, पाणी लांबून आणावं लागायचं आणि मण्यारीण परत कधी दिसली नाही. ती विहीर पुढं बुजवली.

तिचं नाव काय, हे आत्याला सांगता येईना. गावात कुणालाच येईना. सगळे 'मण्यारीण चाची'च म्हणायचे.

सरांपुढची अडचण आता दुहेरी झाली होती. चुलत्याची गोष्ट या बाईला वगळून सांगणं त्यांना जमेना, आणि तिच्याबद्दल हाती असलेली माहिती वहीचं अर्धं पान भरेल एवढीच होती. त्यांनी तहसीलमध्ये 1954 चं खासरा पत्रक, म्हणजे जमिनीच्या नोंदींचा कागद, काढून पाहिलं. तोवर आळीची जागा आणि ओढ्याकडचं रान दुसऱ्यांच्या नावावर चढलेलं होतं. गावातल्या दोन म्हाताऱ्यांनी मेलेल्यांचे दोन आकडे सांगितले, एकमेकांपासून खूप लांबचे. 2023 नंतर आरक्षणाच्या निमित्तानं निजामकालीन कागदांत पणजोबांची नोंद शोधायला सगळा मराठवाडा दफ्तरांपुढं उभा राहिला. मण्यारणीची नोंद सापडली असती तर ती मागणारं गावात कुणी नव्हतं, हे मला तेव्हा फार लागलं.

समोरचे पर्याय

इतिहास म्हणून लेख लिहावा, हा पहिला विचार. पण एका साक्षीवर लेख उभा राहत नाही आणि आत्यानं मुख्य घटना पाहिलेलीच नव्हती.

दुसरा पर्याय जबान्या ध्वनिमुद्रित करण्याचा. तो करूनही पाहिला. फोन खिशात असेपर्यंत माणसं बोलत. फोन पुढं ठेवला की तोच माणूस म्हणे, "काय नाही झालं, समदे आपापले निघून गेले." यात लबाडी नव्हती. ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांची नातवंडं शेजारच्या बांधावर आहेत आणि उद्या इरजिकीला, म्हणजे शेतातल्या कामाच्या मदतीला, त्यांनाच बोलवायचं आहे.

तिसरा पर्याय गटातल्या दोघांनी आग्रहानं मांडला: फक्त हुतात्म्याची गोष्ट लिहावी. त्यांचं म्हणणं हलकं नव्हतं. रझाकारांचे बळीही कुठं नीट लिहिले गेलेत? त्यांच्या शेजारी दुसरं दुःख मांडलं की वाचणारा लगेच तराजू काढतो. सरांनी यावर वाद घातला नाही. बांगड्या उतरवण्याचा प्रसंग वाचून दाखवला आणि विचारलं, यातून तिला काढून दाखवा. त्या दोघांपैकी एकानं शेवटपर्यंत मत बदललं नाही, तरी प्रत्येक खर्डा मन लावून वाचला.

राहिली कादंबरी. तिच्यात पुरावा द्यावा लागत नाही म्हणून ती सोपी, असं काहींना वाटलं. प्रत्यक्षात प्रत्येक वाक्यापाशी ठरवावं लागलं की इथं रचायचा हक्क आपल्याला आहे का.

निर्णयाच्या जागा

*मरण दाखवायचं का?* पहिल्या खर्ड्यात सरांनी विहिरीचा प्रसंग सविस्तर लिहिला होता. ताकदीनं लिहिला होता, गटात दोघी रडल्या. तरीही मी तो काढावा असं सुचवलं आणि आजही माझं तेच मत आहे. ती कशी मेली हे कुणालाच माहीत नाही. ती विहिरीत मेली की हद्दीपलीकडं पोचली, हेही नाही. तिथं सविस्तर प्रसंग रचला की वाचकाला भयंकर दृश्य मिळतं आणि ते पाहून तो मोकळा होतो. सरांना पटायला वेळ लागला. आठवडाभरानं त्यांनी प्रकरण नव्यानं लिहून आणलं. त्यात दहा वर्षांची मुलगी लांबच्या विहिरीवरून पाणी आणते. जवळची विहीर का नको, असं ती रोज आईला विचारते आणि आई रोज वेगळं कारण सांगते. शेवटच्या दिवशी मुलगी विचारायचंच सोडून देते. संबंध प्रकरणात एकही प्रेत नाही. आत्याच्या आठवणीत जेवढं होतं तेवढंच, आणि गाव गप्प कसं झालं ते त्यात आपोआप आलं.

*सांगणारा कोण?* सुरुवातीला निवेदन मण्यारणीच्या तोंडी होतं. तिचं घर, तिचा नवरा, तिच्या नमाजाच्या वेळा सरांना कल्पनेनं भराव्या लागत होत्या आणि ती पानं इतरांच्या मानानं फिकी पडत होती. ओट्यापर्यंतची मण्यारीण गावाला माहीत होती, तिच्या उंबऱ्याच्या आत गावातलं कुणी गेलेलं नव्हतं. म्हणून निवेदन मुलीकडं दिलं. जे गावाला दिसलं नाही ते कादंबरीतही दिसत नाही.

*रझाकारीचा भाग किती?* तो पूर्ण ठेवला. लेव्हीची झडती, पाटलाला चावडीपुढं झालेली मारहाण, चुलत्याचा खून, आणि आळीतलाच एक तरुण रझाकारांबरोबर फिरत होता हेही. तालुक्यातल्या एका मुस्लिम मित्रानं तो तरुण वगळता येईल का, असं विचारलं. सर म्हणाले, त्याला वगळलं तर त्याच्या करणीची शिक्षा भोगलेल्या बाकीच्यांचा निरपराधपणा मला कसा सांगता येईल? मित्राला हे पटलं.

*आळीतल्या घरांचं काय?* त्यातली दोन घरं वाचली होती आणि 1950 नंतर तालुक्याच्या गावी येऊन राहिली. खर्डा छापण्याआधी सर आणि मी त्यांच्याकडं गेलो. घरातल्या वडीलधाऱ्या चाचांनी बांगड्यांचा प्रसंग ऐकला, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "लिखो साब. लेकिन हमारे बच्चे यहींच रहनेवाले हैं." त्यांची मागणी एकच होती. त्यांच्या आईला आणि भावंडांना ज्या कुणब्याच्या घरानं बळदात (धान्य साठवायच्या जागेत) लपवून ठेवलं, रात्री भाकरी दिली, त्या घराचा उल्लेख यावा. सुंदरलाल समितीनंही अशी उदाहरणं नोंदवली आहेत, काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुस्लिम विणकरांना जिवावर उदार होऊन वाचवलं. पण चाचांना अहवाल ठाऊक नव्हता. त्यांना ती भाकरी ठाऊक होती. बळदाचं प्रकरण त्यामुळं आलं. माझ्या मते कादंबरीतलं ते सर्वांत नेटकं प्रकरण आहे.

*ओळख किती झाकायची?* वकिलांचा सल्ला घेतला. त्यांनी तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड विधानाचं कलम 499 दाखवलं. माणूस मेलेला असला, तरी तो हयात असता तर त्याची बदनामी झाली असती असा मजकूर नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूनं लिहिला, तर तोही गुन्हा ठरू शकतो. सरांनी दोन गावांचा भूगोल एकत्र केला, ओढ्याची दिशा बदलली, आणि रान कुणाकडं गेलं हा धागा अर्धवट सोडला. हा शेवटचा निर्णय मला अजून टोचतो. माणसं मारली जाणं आणि सातबारा बदलणं यांचा संबंध त्या वर्षी कितीतरी गावांत होता. तो सोडला की हिंसा नुसता रागाचा उद्रेक वाटायला लागते. पण त्या गावात राहायचं सरांना होतं, मला नव्हतं.

*नाव.* नायिकेला नाव हवं, या प्रकाशकाच्या आग्रहाला सरांनी मान दिला आणि तिला एक नाव दिलं. ते इथं मुद्दाम लिहीत नाही, कारण ते समजलं की कादंबरी आणि गाव दोन्ही ओळखू येतील. त्या क्षणी हा सगळ्यांना किरकोळ निर्णय वाटला होता.

काय झालं

पुस्तक 2022 मध्ये आलं. पहिल्या महिन्यात सरांच्या घरी एक तरुण आला. "आमच्या आज्याला घातलाय का त्यात?" असं त्यानं थेट विचारलं. सरांनी त्याला पुस्तक दिलं आणि वाचून ये म्हणाले. तो परत आला नाही, पण त्याच्या घरानं सरांशी बोलणं बरेच महिने बंद ठेवलं. पुढं एका लग्नात त्याच्या वडिलांनी सरांना पंगतीत शेजारी बसवून घेतलं. पुस्तकाचा विषय दोघांनीही काढला नाही.

शाळेत 17 सप्टेंबरच्या कार्यक्रमात एखादा उतारा वाचावा अशी सरांची इच्छा होती. त्या वर्षी नकार मिळाला. पुढच्या वर्षी एका शिक्षिकेनं फक्त बांगड्या उतरवण्याचा प्रसंग वाचला, हुतात्म्याची आठवण म्हणून. दगडाला हार घातल्यावर लगेच वाचला. कुणी हरकत घेतली नाही. आणि मला वाटतं त्या दिवशी हुतात्माही गावाला नव्यानं कळला. तोवर तो दगडावरचं नाव होता, त्या दिवशी वर्षभरापूर्वी लग्न झालेला मुलगा झाला.

खरा परिणाम आम्ही धरूनच चाललो नव्हतो. ज्यांनी फोन पुढं ठेवल्यावर काही सांगितलं नव्हतं, तीच माणसं पुस्तकातल्या बाईबद्दल बोलायला लागली. "तुम्ही लिहिलंय ते चुकलं सर, तिची टोपली वेताची नव्हती, तुराट्यांची होती." "ती डाव्या पायानं लंगडायची, ते नाही घातलं." कादंबरीतल्या पात्राची चूक दुरुस्त करताना कुणालाही आपण साक्ष देतोय असं वाटत नव्हतं. शेजारच्या गावातल्या एका म्हातारीनं त्यांच्याकडच्या अत्ताराबद्दल सांगितलं. दुसऱ्या गावातून पिंजाऱ्याबद्दल निरोप आला. एका वाचकानं उलट बाजूची आठवण आणली: रझाकारांनी मारलेला गुराखी, ज्याचं नाव कुठल्याच दगडावर नाही, कारण तो कुठल्या चळवळीत नव्हता, नुसता वाटेत सापडला.

आणि त्याच वेळी नावाचं काम बिघडलं. गावातली पोरं मण्यारणीला कादंबरीतल्या नावानं ओळखायला लागली. एका विद्यार्थ्यानं शाळेच्या प्रकल्पात ते नाव, कादंबरीतलं वय आणि ती दिसेनाशी झाल्याचा महिना इतिहास म्हणून लिहून काढला. तिचं खरं नाव आधी हरवलेलंच होतं. आता त्याच्या जागेवर रचलेलं नाव येऊन बसलं. उद्या खरं नाव कुणी घेऊन आलं तर गाव त्यालाच चूक म्हणेल.

गटात यावर जोराचं बोलणं झालं. आत्याच्या सुनेचं म्हणणं वेगळं होतं: "कायतरी नावानं हाका तरी मारतात तिला. इतकी वर्षं तेही नव्हतं." हे खोडून काढता येत नाही. तरी दुसऱ्या आवृत्तीत सरांनी शेवटी एक पान जोडलं. त्यात गावाला खरोखर आठवतं ते वेगळं लिहिलं आणि बाकी सगळं, नावासकट, रचलेलं आहे हे स्पष्ट सांगितलं. काही वाचकांना ते पान नको होतं, गोष्टीची गोडी जाते म्हणून. माझ्या लेखी त्या पानामुळं कादंबरीची किंमत वाढली.

पुन्हा करायचं तर

तिला नाव देऊ नये. मुलगी तिला 'चाची' म्हणते, निवेदन मुलीचं आहे, तेवढ्यावर संबंध कादंबरी निभावली असती. प्रकाशकाशी त्या मुद्द्यावर अडून बसायला हवं होतं.

शेवटचं पान पहिल्या आवृत्तीपासून हवं. आणि लेखन सुरू करतानाच एक वेगळी वही ठेवायला हवी: कुणी, कधी, काय सांगितलं, स्वतः पाहिलेलं की ऐकलेलं. सरांनी ही वही पुस्तक आल्यावर सुरू केली. तोवर त्या दोन म्हाताऱ्यांपैकी एक वारला होता.

वाचलेल्या घरांकडं पहिला खर्डा होण्याआधी जावं. आम्ही गेलो तेव्हा बरंचसं ठरलेलं होतं. चाचांनी बळदाची गोष्ट सांगितली नसती, तर कादंबरीत मारणारे, मरणारे आणि बघणारे एवढेच लोक राहिले असते.

जमिनीचा धागा सोडण्याबद्दल गटात आजही एकमत नाही. सर म्हणतात, तो मी हयात असेपर्यंत लिहिणार नाही.

सध्या

वही आता सत्तर-ऐंशी पानांची झाली आहे. तिच्यात दोन्ही बाजूंचे बळी तारखेच्या क्रमानं एकत्रच नोंदवले जातात. ती कुठं ठेवायची हा प्रश्न बाकी आहे. ग्रंथालयात ठेवली तर कुणीही चाळेल आणि तिच्यात सांगणाऱ्यांची खरी नावं आहेत. घरी ठेवली तर सरांनंतर तिचं काय होईल, हे सांगता येत नाही. चाचांच्या नातवानं, जो कॉलेजात इतिहास शिकवतो, एक तोडगा सुचवला आहे: नावं झाकलेली प्रत ग्रंथालयात, मूळ वही मोहोरबंद करून विद्यापीठाकडं, ठरावीक वर्षांनी उघडायच्या अटीवर. ती वर्षं किती असावीत यावर येत्या बैठकीत बोलायचं आहे. सरांना तीस हवी आहेत, आत्याच्या सुनेला दहा.